आधी उंडी, मग आपण

आमच्या शेजारचे दत्तूकाका कुणाच्याही घरी पहिल्यांदा गेले की चपला दाराशी काढतात, पाणी नको म्हणतात आणि खिशातून एक उंडी काढून जमिनीवर ठेवतात. आमच्याकडे किनाऱ्याला उंडीची झाडं असतात, त्यांचं हे वाळलेलं फळ. गोटीएवढं, गोटीसारखंच गोल आणि टणक. पोरं ती खेळायला घेतात. दत्तूकाका सत्तरीला टेकलेत. ते उंडी जमिनीवर ठेवतात, हात मागे घेतात आणि बघत राहतात. उंडी क्षणभर विचार करते आणि एका बाजूला घरंगळायला लागते. मग काका मान हलवून यजमानांना सांगतात, "तुमच्या घराला उतार आहे. देवघराकडे."

कर्ज काढून घर बांधलेल्या माणसाला वास्तुशांतीच्या दिवशी हे ऐकायला आवडत नाही. आमच्याकडे आले तेव्हा माझे सासरे म्हणाले, "फरशी नीट लेव्हल बघून बसवलेली आहे." काका म्हणाले, "असेल. पण उतार खोटं बोलत नाही." त्याच पावसाळ्यात पुढच्या दारातून आत शिरलेलं पाणी इकडेतिकडे न बघता थेट देवांच्या पायाशी गेलं. तेव्हापासून सासरे काकांशी जपून बोलायला लागले.

काका अंगाने काडी. पांढरा अर्ध्या बाह्यांचा शर्ट, एका खिशात चष्मा, दुसऱ्यात उंडी. सरकारी कचेरीत कारकुनी करून निवृत्त झाले. लग्न केलं नाही. का, म्हणून विचारलं तर म्हणतात, "पुढचं दिसत नव्हतं." मी शाळेत इतिहास शिकवते, म्हणून मला ते मास्तरीणबाई म्हणतात. मी त्यांच्या शेजारी येऊन वीस-बावीस वर्षं झाली, आणि त्यातली बरीचशी वर्षं मी त्यांना रत्नागिरीतला सगळ्यात भित्रा माणूस समजत होते. मीच नव्हे, सगळी आळी समजत होती.

त्याला कारणही होतं. आमची आळी वर, बाजार खाली, आणि दोघांच्या मध्ये चिंचेची घाटी. घाटी म्हणजे रस्ताच, पण उभा. वरून निघालं की चिंचेच्या झाडापर्यंत उतार तसा गरीब आहे. चिंचेपाशी आंधळं वळण, आणि वळण संपलं की रस्ता जो सुटतो तो खाली बाजारात जाऊनच श्वास घेतो. इथे राहणारा प्रत्येक माणूस या घाटीने दिवसातून दोनदा रिक्षाने नाहीतर स्कूटरने उतरतो. दत्तूकाका उतरत नाहीत. ते रिक्षात बसतात, चिंचेपाशी रिक्षा थांबवतात, खाली उतरतात, वळणावर जाऊन खालचा रस्ता बघतात, हात वर करतात आणि ओरडतात, "मोकळा!" मग रिकामी रिक्षा खाली जाते. काका छत्री टेकत मागून चालत येतात आणि खाली पुन्हा रिक्षात बसतात. स्टँडवरच्या रिक्षावाल्यांना याची इतकी सवय झाली आहे की चिंचेपाशी ते आपसूकच थांबतात. नवीन कुणी असला तर बाकीचे त्याला आधीच समजावून ठेवतात.

आळीत कुणी गाडी मागे घ्यायला लागलं आणि तो पींपीं आवाज झाला की काका जेवणावरून उठून येतात. हात खरकटा असला तरी डावा हात वर करून रस्त्यात उभे राहतात. "येऊ दे. येऊ दे. मोकळा." आमच्या माडांवर नारळ काढायला माणूस चढला की हे बुंध्याशी वर तोंड करून उभे. तो बिचारा वरून ओरडतो, "काका, बाजूला व्हा, नारळ डोक्यात पडंल." काका म्हणतात, "तू वरचं बघ. खालचं मी बघतो." गेल्या वर्षी एक नारळ त्यांच्या खांद्याला घासून गेला. त्यांनी तो उचलला, उंडी ठेवून अंगणाचा उतार बघितला आणि नारळ तिथूनच विहिरीकडे सोडून दिला. तो गेलासुद्धा.

काकांची थोरली बहीण सावर्ड्याला असते. कुसुमताई. खरं तर भाऊबीजेला भावाने बहिणीकडे जायचं. पण काका एकदाच गेले. निवळीच्या घाटाच्या तोंडाशी ते सीटवरून उठले आणि कंडक्टरला म्हणाले, "जरा थांबवा. मी पुढे जाऊन बघतो." कंडक्टर म्हणाला, "काका, तुम्ही चालतच व्हा पुढे. आम्ही सावर्ड्यात वाट बघतो." तेव्हापासून कुसुमताईच दर भाऊबीजेला गुडघे चोळत एसटीने इकडे येतात.

आता या अशा माणसाविषयी आळीत एक गोष्ट सांगतात, आणि ती सांगतात घाटीच्या खालच्या टोकाला राहणारे विलासराव. ते काकांचे शाळासोबती. गोष्ट अशी की साठेक वर्षांपूर्वी, घाटीवर नुकतंच डांबर पडलं होतं तेव्हा, एका टळटळीत दुपारी लहानग्या विलासने खिडकीतून पाहिलं, तर जेवायला बसायचा लाकडी पाट, त्याला खाली लोखंडी चाकं, आणि त्या पाटावर चक्क उभा राहून, हात पसरून, खाकी अर्धी चड्डी आणि पांढरी टोपी घातलेला दत्तू घाटीवरून भन्नाट खाली येतोय. "बसून नव्हे हो," विलासराव प्रत्येक वेळी सांगतात, "उभा. मी माझ्या डोळ्यांनी बघितला." पुढे ते घरी कळलं, वडिलांनी दत्तूला फोकाने फोडून काढलं, आणि त्या दिवसापासून त्याने उताराचा धसका घेतला. एवढा वाघ, त्याची शेळी झाली, असा गोष्टीचा शेवट. काकांसमोर कुणी हे काढलं की ते "असेल, असेल" म्हणतात आणि चष्मा पुसायला घेतात.

माझी मुलगी गार्गी पुण्याला कॉलेजात आहे. यंदा दिवाळीच्या सुट्टीला ती घरी आली ती काखेत स्केटबोर्ड मारून. मी आधी फराळाचं ताट आणलंय की काय म्हणून बघितलं. तिकडे ती आणि तिच्या मैत्रिणी रविवारी सकाळी रिकाम्या रस्त्यांवर, बंद दुकानांच्या पायऱ्यांवरून, कठड्यांवरून हे खेळ करतात, असं तिने मला मोठ्या आनंदाने दाखवलं. मोबाइलवर. मी एक डोळा मिटून बघितलं. त्यात ती दोनदा पडते आणि हसत उठते. पडल्याचं मला काही नाही, पण हसत होती हे मला झेपलं नाही.

इथे आल्यावर दोन दिवस ती बंदराकडच्या मोकळ्या जागेत खेळली. तिसऱ्या दिवशी चहा पिताना म्हणाली, "आई, मला घाटी उतरायची आहे. वरून खालपर्यंत."

मी नाही म्हटलं. ती का म्हणाली. मी आई म्हणून जी काही कारणं असतात ती सगळी दिली, आणि ती तिने एकेक करून खोडली, कारण वाद घालायला मीच तिला शिकवलंय. हेल्मेट आहे, गुडघ्यांना पॅड आहेत, याहून उभे उतार केलेत. शेवटी मी एक चाल खेळले. मला वाटलं, फार हुशारीची. मी म्हटलं, "दत्तूकाकांना विचार. ते हो म्हणाले तर जा."

नवऱ्याने पेपर खाली करून माझ्याकडे कौतुकाने बघितलं. दत्तूकाका हो म्हणणं म्हणजे अमावास्येला चांदणं पडणं.

गार्गी बोर्ड घेऊन त्यांच्या ओट्यावर गेली. मी पाठोपाठ गेले, विजय बघायला. काकांनी बोर्ड हातात घेतला, उलटा केला, चाकं अंगठ्याने दाबून पाहिली, एक चाक फिरवून कानाशी धरलं. मग म्हणाले, "पाट बरा आहे. फणसाचा नाही, पण बरा आहे."

"काका, पाट नाही, स्केटबोर्ड."

"तेच गो. ब्रेक?"

"ब्रेक नसतो. पाय घासायचा."

मी वाटच बघत होते. ब्रेक नाही म्हटल्यावर हे घरात जाऊन कडी लावतील अशी माझी खात्री होती. काका म्हणाले, "बरोबर. ब्रेक असला की माणूस फसतो." आणि गार्गीच्या चेहऱ्याकडे, मग तिच्या पायांकडे बरंच बघून, "आज सांगत नाही. मला उतार बघू दे."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दूध आणायला गेले तर काका घाटीच्या माथ्यावर उकिडवे. त्यांनी उंडी सोडली आणि तिच्यामागे छत्री सांभाळत चालायला लागले. जिथे ती उडाली तिथे खडूने गोल काढला. जिथे ती वळली तिथे बाण काढला. चिंचेपाशी ती डावीकडे सरकून गटारात गेली, तर हा माणूस गटारात उतरून ती घेऊन आला, धुतली आणि पुन्हा माथ्यावर. असं रोज सकाळी चाललं. खडूच्या गोलातले खड्डे त्यांनी स्वतः खडी आणि सिमेंट कालवून बुजवले. विलासराव रस्त्यात उभे राहून म्हणाले, "काय रे दत्त्या, नगरपालिकेत लागलास काय?"

"पोरगी उतरणार आहे," काका म्हणाले.

"आणि तू उतरायला देतोस? तू? घाटी रिक्षातनंसुद्धा कधी उतरला नाहीस."

"म्हणूनच," काका म्हणाले आणि थापी चालवत राहिले.

भाऊबीजेच्या आदल्या दिवशी ते आमच्याकडे आले आणि उभ्याउभ्या निकाल दिला. "मास्तरीणबाई, पोरगी उद्या दुपारी उतरू दे. दोन वाजता. त्या वेळेला रत्नागिरी झोपलेली असते, कुत्रीसुद्धा आडवी असतात. वळणावर मी आहे."

मला इतका राग आला की मी त्यांना चहासुद्धा विचारला नाही. बावीस वर्षं जो रिक्षात बसूनही घाटी उतरला नाही, त्याने माझ्या पोरीला चार चाकांवर उभं करून सोडायचं. रात्रभर मी नवऱ्याला झोपू दिलं नाही. सकाळी ठरवलं, कुसुमताईंना गाठायचं. काका जगात फक्त त्यांचं ऐकतात. त्या एक शब्द बोलल्या की काका माघार घेतील, आणि काकांनी माघार घेतली की गार्गीला शब्द पाळावा लागेल.

फराळाचा डबा घेऊन मी त्यांच्या घरी गेले तेव्हा ओवाळणं नुकतंच आटोपलं होतं. काकांच्या कपाळाला कुंकू आणि त्यावर चिकटलेल्या अक्षता, त्यामुळे ते नवरदेवासारखे दिसत होते. मला बघून ते "जरा चिंचेकडे जाऊन येतो" म्हणून सटकले. कुसुमताई रांगोळी मोडायला वाकल्या. त्यांचे गुडघे दुखतात म्हणून मी म्हटलं, राहू दे, पाट मी उचलते. फणसाचा जुना, पिवळाधमक, जड पाट. उचलून भिंतीला उभा केला तर मागच्या बाजूला चार भोकं.

"ताई, पाटाला वाळवी लागली वाटतं."

कुसुमताईंनी पाटाकडे बघितलं आणि त्यांना हसू यायला लागलं. त्या खुर्चीत बसल्या, पदर तोंडाला लावला. "वाळवी नव्हे गो," म्हणाल्या, "ती मीच."

मला काही कळलं नाही. मी घाटीचं, गार्गीचं, माझ्या रागाचं सगळं सांगायला तोंड उघडलं होतं, ते तसंच राहिलं.

"विलास सांगतो ना सगळ्यांना, दत्तू पाटावर उभा राहून घाटी उतरला म्हणून? दत्तू कुठला. मी ती. चड्डी दत्तूची, टोपी बाबांची, वेणी टोपीच्या आत. परकर घालून उभं राहता येत नव्हतं. चौदा-पंधरा वर्षांची असेन. चाकं याने गॅरेजच्या भंगारातली आणली, पाटाला ठोकलीसुद्धा यानेच. पण पहिल्या दिवशी माथ्यावर गेलो आणि हा म्हणाला, ताई, थांब. आधी उंडी, मग आपण. आठवडाभर उंड्या सोडल्या मेल्याने. कुठं उडते, कुठं वळते. मला पाठ करून घेतलं, पहिल्या खड्ड्याला उजवीकडून, मोरीच्या उंचवट्यावर गुडघे वाकव, चिंचेपाशी रस्ता डावीकडे ओढतो तर अंग उजवीकडे टाक. मगच सोडलं मला. आणि स्वतः वळणावर. खालचा रस्ता त्याला दिसायचा, मला दिसायचा नाही. तो मोकळा म्हणाला की मी सुटायची."

"रोज?"

"पाऊस नसेल त्या रोज. आई-बाबा झोपले की."

मी त्या बाईकडे बघत राहिले. जाड चष्मा, सुती लुगडं, हातात रांगोळीचा डबा. दरवर्षी मला गुडघ्याचं तेल कुठलं चांगलं ते विचारणारी बाई.

"एकदा मीच चुकले," त्या म्हणाल्या. "याचा आवाज यायच्या आधीच सुटले. घाई. खालून बैलगाडी वर येत होती. मला वळणावर दिसली, पण थांबणार कशी? हा बैलांच्या पुढ्यात जाऊन उभा राहिला, हात पसरून. एवढासा जीव. बैल थांबले, गाडी आडवी झाली, आणि मी बाजूने निघून गेले. गाडीवाल्याने याच्या कानाखाली दिली. संध्याकाळी हा मला एवढंच म्हणाला, ताई, मोकळा म्हटल्याशिवाय नाय हां सुटायचं."

तेवढ्यात काका दारात आले. काय चाललंय ते त्यांना पाटावरून कळलं. "ताई, कशास आता ते," म्हणाले.

"गप बस. आणि घरी कळलं कसं, माहितेय?" ताईंना आता थांबवणं शक्य नव्हतं. "सत्यनारायण होता. बाबा बाजारातून अचानक लवकर आले, म्हणून मी पाट चाकांसकट भिंतीला लावून ठेवला. आमच्या थोरल्या काकूला मोतीबिंदू. तिने तोच पाट भटजींना मांडला, वर धाबळी पसरली. माजघराला नवी फरशी, आणि तिचा उतार मागच्या दाराकडे. दत्तूने बाबांना आधीच सांगितलं होतं, उंडी ठेवून. ऐकतंय कोण? भटजी टेकले आणि आचमनाला सुरुवात केली. केशवाय नमः म्हणाले ते माजघरात. नारायणाय नमः उंबऱ्यापाशी. माधवाय नमः थेट न्हाणीजवळ."

"गोविंदाय नमः म्हणेपर्यंत थांबले होते," काका गंभीरपणे म्हणाले. "मागच्या दारी चढ आहे."

मी हसून हसून फराळाचा डबा उपडा केला. हसू ओसरल्यावर ताई म्हणाल्या, "बाबांनी फोक घेतला आणि विचारलं, कुणी केलं? हा म्हणाला, मी. दोन दिवस पालथा झोपत होता."

"मग इतकी वर्षं सांगितलं का नाही कुणाला?"

"आधी बाबा होते. मग सासूबाई होत्या. मग सवय झाली. आणि हा म्हणायचा, एकदा मार खाऊन झालाय, तो आता वाया कशास घालवायचा."

काका चष्मा पुसत होते. बावीस वर्षं ज्याला मी भित्रा म्हणत होते तो माणूस कपाळावर अक्षता घेऊन माझ्यासमोर उभा होता, आणि मी त्याला काल चहासुद्धा विचारला नव्हता. मी म्हटलं, "काका, दोन वाजता ना? मी पण येते वळणावर."

दुपारी दोनला खरोखरच सगळं झोपलं होतं. चिंचेखाली काका, मी आणि प्लास्टिकच्या खुर्चीत कुसुमताई. खाली विलासराव गेटला टेकून, काहीतरी विपरीत घडणार या आशेने जागे. माथ्यावर गार्गी, लाल हेल्मेटमध्ये. काकांनी तिला सकाळी उंडीने घाटी पाठ करून दिली होती, खड्डा, मोरी, चिंच, सगळी.

काका वळणाच्या टोकाला गेले. खालचा रस्ता बघितला. एक स्कूटर गेली, ती नजरेआड होईपर्यंत थांबले. मग उजवा हात सरळ वर गेला आणि त्या काडीसारख्या अंगातून एवढा आवाज निघाला की चिंचेवरचे कावळे उडाले. "मोकळा!"

चाकांचा आवाज आधी आला, मग गार्गी आली. मोरीवर तिने गुडघे वाकवले, वळणाला अंग उजवीकडे टाकलं, आणि माझ्यासमोरून गेली तेव्हा मी तिचा चेहरा बघितला. दोन्ही डोळे उघडे ठेवून बघितला. तिला जन्म दिल्यापासून मी तो चेहरा रोज बघतेय, पण इतका शांत कधी बघितला नव्हता. मग ती सुटली ती खाली बाजाराच्या तोंडाशी पाय घासत, गोल फिरून थांबली आणि दोन्ही हात वर केले. मला रडू आलं. भीतीचं नव्हतं ते. ती माझी मुलगी आहे, हे मला सगळ्या झोपलेल्या रत्नागिरीला उठवून सांगावंसं वाटत होतं.

गार्गी बोर्ड काखेत मारून वर आली, मागून धापा टाकत विलासराव. "दत्त्या," ते म्हणाले, "अगदी तुझी आठवण झाली रे. असाच उभा होतास."

"तो नव्हे रे विलास," खुर्चीतून आवाज आला. "मी होते."

विलासरावांनी ताईंकडे बघितलं, काकांकडे बघितलं, पुन्हा ताईंकडे. साठ वर्षं सांगितलेली गोष्ट अशी भर रस्त्यात हातची गेल्यावर माणसाचं जे होईल ते त्यांचं झालं. मग म्हणाले, "तरीच. मला नेहमी वाटायचं, दत्त्याला एवढं ऐटीत उभं राहता आलं कसं." गार्गीने तर ताईंना नमस्कारच केला, हेल्मेट न काढता.

सगळे हसत होते. ताईच थांबल्या आणि म्हणाल्या, "दत्तू, तू कधी उतरलास रे?"

"मी? नाही."

"एकदासुद्धा?"

"माझ्या वेळेला वळणावर कोण उभं राहणार होतं?" काका म्हणाले. वाण्याचं दुकान सोमवारी बंद असतं हे सांगावं इतक्या सहज म्हणाले. तक्रार नव्हती त्यात. त्यांच्या दृष्टीने तो हिशेब तेव्हाच मिटला होता.

कुसुमताई खुर्चीचे हात धरून उठल्या, काठी घेतली आणि चालायला लागल्या. मला वाटलं घरी निघाल्या. त्या वळणाच्या टोकाला जाऊन उभ्या राहिल्या, काका उभे राहतात तिथेच, तोंड खालच्या रस्त्याकडे.

"वर जा," म्हणाल्या. "चिंचेपर्यंतच ये. पुढचा उतार आपल्या वयाचा नाही."

"ताई, काहीतरीच काय. लोक बघतील."

"लोक झोपलेत. बसून ये. दरवर्षी पाटावर बसतोस ना माझ्यापुढे?"

काका माझ्याकडे बघायला लागले. मी बोर्ड त्यांच्या हातात दिला. माथ्यापर्यंत मी आणि गार्गी त्यांच्यासोबत गेलो. त्यांनी बोर्ड रस्त्यावर ठेवला आणि त्यावर चक्क मांडी घातली, जेवायला बसल्यासारखी. गार्गीने समजावून पाय दोन्ही बाजूंना बाहेर काढायला लावले. हेल्मेट त्यांना मोठं झालं, ते भुवयांवर आलं, अक्षता आत गेल्या. मग त्यांनी खिशातून उंडी काढली. मी म्हटलं, आता ही सोडतील, तिच्यामागे जातील, आणि आपली संध्याकाळ होईल. त्यांनी ती माझ्या हातात दिली. "धरा जरा. बसताना टोचते."

खालून थरथरता, म्हातारा, पण साठ वर्षांपूर्वीच्या त्या बैलगाडीचा हिशेब लक्षात ठेवलेला आवाज आला. "मोकळा आहे रे, दत्तू. ये."

काका सुटले. सुटले म्हणजे काय, पायांनी वल्हवत निघाले. एक शेळी त्यांच्या पुढे गेली. पण मोरीवरून खाली आल्यावर बोर्डाने जरा वेग घेतला, आणि काकांनी पाय उचलले. दोन्ही. शर्ट मागे फुगला. आमच्या आळीचा हा माणूस, ज्याने आयुष्यभर दुसऱ्यांना मोकळा रस्ता दाखवला, तो त्या दुपारी स्वतः त्या रस्त्यावरून येत होता, आणि मला त्याचा इतका अभिमान वाटला की मी उंडी मुठीत घट्ट धरून गार्गीच्या पुढे धावत सुटले.

चिंचेपाशी बोर्ड डावीकडे ओढला गेला. काकांनी अंग उजवीकडे टाकलं, जरा उशिरा, आणि कुसुमताईंच्या काठीला येऊन अडले. ताईंनी एका हाताने त्यांचा खांदा धरला. काका बसूनच राहिले. हेल्मेट मागे सारून त्यांनी मागचा उतार बघितला, वरपासून खालपर्यंत, सावकाश.

"ताई," ते म्हणाले, "इथं रस्ता डावीकडे ओढतो गो."

"मला काय सांगतोस? तूच तर सांगितलं होतंस."

"सांगितलं होतं," काका म्हणाले. "कळलं आज."

मी उंडी त्यांच्यापुढे धरली. त्यांनी ती घेतली नाही. दोन्ही हातांनी बोर्ड उचलून ते पुन्हा माथ्याकडे चालायला लागले होते, आणि ताई वळणावर पदर खोचून उभ्या होत्या.